पाच हात, पाच मुठी

दिल्लीतल्या आर. के. पुरमचा पत्ता कुणी ‘आर. के. पुरम’ असा लिहितं, कुणी ‘रामकृष्ण पुरम’, तर कुणी दोन्ही शब्द जोडून. पोस्टमन गोंधळत नाही, संगणकाला मात्र तीन वसाहती दिसतात. गंमत म्हणजे देशभरच्या सरकारी नकाशांनी एकमेकांशी बोलावं म्हणून उभी राहिलेली नॅशनल स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर ही यंत्रणा याच वसाहतीत बसली.

तिच्यामागचा विचार आपल्याला तसा परका नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या जमाबंदीत जमीन मोजायची काठी ठरली, ती पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चावर. पण हात कुणाचा? कुळकर्ण्याचा की देशमुखाचा? काठी ठरवणं म्हणजे हा प्रश्न गावाकडून काढून राज्याकडे घेणं. पुढे 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी नवी मोजणी सुरू केली. तिची साखळी 33 फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर असले तरी गावातला सौदा अजून गुंठ्यातच होतो.

मात्र ही सगळी मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. तिच्यापासून अलग, 1802 मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ त्रिकोणांची मोजणी सुरू केली आणि पुढे मध्य भारतातलं कल्याणपूर हा तिचा आधारबिंदू झाला. महसुलाचे गावनकाशे त्या त्रिकोणांना बहुतेक ठिकाणी बांधलेच गेले नाहीत. म्हणून गावनकाशा त्या त्रिकोणांवर बेतलेल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर ठेवला की ओढा टेकडी चढू लागतो. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नसतं. दोघांनी मोजायला सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून केलेली असते.

त्यात गुप्ततेची भर पडली. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला सहज मिळत नसत. म्हणजे अख्खं कोकणच कुलूपबंद! 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी दुसरी अशा दोन मालिका केल्या. खुल्या मालिकेने मोजणीसाठी धरलेला जुना एव्हरेस्टचा पृथ्वीगोल सोडून जगभर चालणारा डब्ल्यूजीएस-84 घेतला. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे करायला आधी परवानगी घेण्याची अटही काढली.

पण कुलूप निघालं म्हणून फडताळ नीट लागत नाही. 1994 मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढून ज्या प्रकारच्या यंत्रणेचा पाया घातला, तिची भारतीय आखणी, म्हणजे आर. के. पुरमची ही यंत्रणा, 2001 मध्ये झाली आणि 2006 मध्ये मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. तिच्यातली कल्पनेची कलाटणी मला सगळ्यात मोलाची वाटते. एकाच कचेरीने सगळं गोळा करून एकच मोठा नकाशा करायचा, हा हट्ट तिने सोडला. ज्याची माहिती त्याच्याचकडे राहील. मात्र ती कुणी, केव्हा, कशाने आणि कशाच्या आधाराने मोजली, हे ठरलेल्या साच्यात लिहून ती दुसऱ्याला उघडी करायची. इंग्रजीत याला मेटाडेटा म्हणतात. टिपणावर सही आणि तारीख घालणाऱ्या जुन्या भूकरमापकाला त्यात नवल वाटलं नसतं.

दिल्ली राज्याने तर 2011 मध्ये यासाठी कायदाच केला आणि सार्वजनिक यंत्रणांना भू-माहिती वाटून घेणं बंधनकारक केलं. कायद्याने कपाट उघडता येतं, शब्दाचा अर्थ एक करता येत नाही. ‘जंगल’ हाच शब्द घ्या. वनखात्याच्या दप्तरात कायद्याने नोंदलेली जमीन म्हणजे वन. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया उपग्रहाच्या चित्रावरून वनाच्छादन मोजतं, तेव्हा एक हेक्टर किंवा जास्त जागेवर दहा टक्के किंवा अधिक झाडोरा असला की पुरे, मालक कुणीही असो. या हिशेबात बागायतदाराची दाट हापूस बागही बसते. दोन्ही आकडे खरे, पण त्यांची बेरीज-वजाबाकी करायला बसलात तर फसाल. आपल्याकडे खात्यांची भांडणं बरीचशी अशीच असतात, आणि ती मनाच्या कोतेपणाची समजली जातात.

खाती एकत्र आल्याचंही उदाहरण आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन गावठाणांवर फिरू लागले. घरांच्या हद्दी मोजायला भूमी अभिलेख खातं, ग्रामपंचायत आणि सर्व्हे ऑफ इंडिया एकत्र आली. ड्रोनला हद्द दिसावी म्हणून ती आधी जमिनीवर चुन्याने आखावी लागते. मग दोन घरांमधल्या बोळात दोघे शेजारी उभे राहतात, पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावर बोलणं होतं, कुणीतरी म्हाताऱ्या आजीला विचारून येतं, आणि मग चुन्याची पाटी उचलली जाते.