प्रसादाची तपासणी

मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते आणि दादा हयात कलंदर यांचा दर्गाही आहे. महाप्रसाद असो की नियाज, देवाच्या नावाने शिजलेले अन्न या गावाला परके नाही. अशा अन्नावर अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याने नजर ठेवावी का, या प्रश्नाने अनेक श्रद्धाळू मनापासून दुखावतात. मला मात्र ती तपासणी भक्तीचाच भाग वाटते. हॉटेलातली भाजी आंबूस लागली तर माणूस ताट सरकवून उठतो. प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही. चव बिघडलेली वाटली तरी तो कपाळाला लावून खाल्ला जातो, लेकरालाही भरवला जातो. खाणाऱ्याने शंका घेण्याचा आपला हक्क श्रद्धेपोटी सोडून दिलेला असतो. म्हणून ती शंका आधीच घेऊन ठेवणे हे वाढणाऱ्याचे कर्तव्य ठरते, आणि ते हॉटेलवाल्याच्या कर्तव्याहून कडक आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाण्याला हरिनाम सप्ताह चालू होता. एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि दोनशेहून अधिक माणसांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना. बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. त्या पंगतीत भावाची काय कमतरता होती? भगर ओलसर जागी राहिली की तिला बुरशी लागते, आणि बुरशीची काही विषे शिजवूनही जात नाहीत. भाताचेही तसेच: काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि मोठ्या पातेल्यातला भात रात्रभर हळूहळू निवत गेला की त्यात वाढतात. म्हणून गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचे असते.

पिढ्यानपिढ्या भंडारे झाले, कुणाला काय झाले, असे विचारले जाते. पोट बिघडल्याची नोंद तेव्हा ठेवत कोण होते? शिवाय पूर्वी वाडीपुरता स्वयंपाक चुलीवरून थेट पानात पडे; आज हजारो पाने, आदल्या रात्रीची तयारी आणि टँकरचे पाणी असते. धर्मात सरकारची ढवळाढवळ नको, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या संविधानाच्या २५व्या अनुच्छेदानेच ते सार्वजनिक आरोग्याच्या अधीन ठेवले आहे. धर्मग्रंथांचे तरी वेगळे काय म्हणणे आहे? गीतेचा सतरावा अध्याय शिळ्या, दुर्गंधी सुटलेल्या अन्नाला तामस ठरवतो. कुराण हलालसोबत अन्न चांगले, शुद्ध असण्याचीही अट घालते. आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा कीर्तनाआधी गाव झाडत. त्यांच्या हातातला खराटा भक्तीच्या बाहेरचा होता, असे म्हणायला कुणाची जीभ धजेल?

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. कागदपत्रांच्या धाकाने गरीब माणूस अन्नदानच बंद करील, ही भीती खरी आहे. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याने अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफ्याची अट ठेवलेली नाही, आणि २०११च्या नियमांनी धार्मिक समारंभात अन्न वाटणाऱ्यालाही छोट्या नोंदणीत आणले. त्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले गेले, म्हणजे अडचण पैशाची नाही. अडचण अशी की अधिकारी बहुधा विषबाधा झाल्यावर नमुने न्यायला येतो. तो यात्रेच्या आठ दिवस आधी समितीच्या बैठकीत यायला हवा: पाणी कुठले, भगर-खवा कुणाकडून घेतला, आचाऱ्यांपैकी कुणाला जुलाब किंवा हाताला जखम आहे का, हे विचारायला. नगर परिषदेचे आरोग्य कर्मचारी पाण्यातील क्लोरीन तपासू शकतात. आणि विश्वस्तांनी प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना झाकून थंड जागी ठेवला, खरेदीच्या पावत्या जपल्या, तर काही बिघडल्यास डॉक्टरला कारण लवकर सापडेल आणि उरलेले अन्न वेळीच थांबवता येईल.