हरकत कोणी घ्यायची?

१९८९च्या रेल्वे कायद्यात १६७वं कलम धूम्रपानाचं आहे. डब्यातल्या दुसऱ्या कुणा प्रवाशाने हरकत घेतली तर डब्यात बिडी-सिगारेट ओढता येणार नाही, असं ते सांगतं. दंड शंभर रुपयांपर्यंत. एखाद्या गाडीत किंवा डब्यात सरसकट मनाई करण्याची मुभा रेल्वेला त्यात ठेवली आहे, पण मूळ नियम हरकतीचा. कुणी बोललं तर विझवायची, कुणी बोललं नाही तर चालू द्यायची. सार्वजनिक ठिकाणच्या बंदीला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत सभ्य युक्तिवाद आजही हाच असतो. ज्याला त्रास होतो त्याने सांगावं, आम्ही विझवू. सरकारने मध्ये कशाला पडायचं?

हा नियम बोईसरहून विरारकडे निघालेल्या संध्याकाळच्या गाडीत नेऊन पाहावा. तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटलेली असते. दारात चार-पाच जण लोंबकळत असतात, त्यातला एक जण ओंजळीत काडी धरून बिडी पेटवतो. गाडीचा वेग वाढतो तसा धूर बाहेर न जाता आत वळतो आणि दाराजवळच्या बाकांवर पसरतो. तिथे कॉलेजातून परतणारी मुलगी असते, रिकामी पाटी पायाशी ठेवून बसलेली मासळीवाली असते, मांडीवर मूल घेतलेली बाई असते. बाई पदर ओढून मुलाच्या नाकावर धरते. मुलगी तोंड खिडकीकडे वळवते. बोलत कुणीच नाही. कायद्याच्या भाषेत इथे कुणाची हरकत नाही.

हरकत का घेतली जात नाही, हे बोईसरच्या पुढच्याच स्टेशनावर, उमरोळीला, उतरणाऱ्या माणसाला सांगायला नको. दारातला माणूस अनोळखी असेल तर त्याच्यासोबत आणखी तिघे असतात. ओळखीचा असेल तर तो कुणाचा तरी काका असतो, कुणाच्या तरी वडिलांसोबत कामाला असतो. धीर करून एखादी म्हणालीच, ‘काका, बिडी विझवा ना,’ तर ‘एवढा त्रास होतो तर रिक्षाने जा’ हे ऐकावं लागतं. मुंबईतल्या लोकलमध्ये भांडण झालं तरी दोघं पुन्हा भेटण्याची शक्यता कमी. इथे गाड्या मोजक्या, वेळा ठरलेल्या, डबासुद्धा ठरलेला. आज ज्याला टोकलं त्याच्यासमोर उद्या पुन्हा उभं राहायचं असतं. ज्याच्या अंगात बळ आहे, आवाज आहे, ज्याला उद्याची काळजी नाही, त्याच्यासाठीच हरकतीचा नियम चालतो. आणि अशा माणसाच्या तोंडावर धूर सोडायला सहसा कुणी धजावत नाही.

त्या दारातल्या माणसाचंही म्हणणं ऐकायला हवं. तो बहुधा कंत्राटी कामगार असतो, जव्हार-विक्रमगडकडचा किंवा थेट उत्तर प्रदेश-बिहारमधला. तारापूरच्या रासायनिक कारखान्यात आत शिरताना गेटवर खिसे तपासले जातात. काडेपेटी, लायटर, बिडीबंडल बाहेर ठेवूनच आत जायचं. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये एक ठिणगी पुरते, आणि स्फोट म्हणजे काय हे या भागाला कुणी शिकवायची गरज उरलेली नाही. आठ तास, कधी बारा तास हा माणूस बिनबिडीचा काढतो. गेटबाहेरची टपरी आणि मग ही गाडी, इथेच त्याचा हात पहिल्यांदा खिशाकडे जातो. त्याची तलफ खोटी नाही.

पण हाच माणूस बंदी पाळूही शकतो, हेही त्या गेटवर रोज सिद्ध होतं. तिथे कुणाला हरकत घ्यावी लागत नाही. शेजारच्या कामगाराने ‘मला भीती वाटते, बिडी विझव’ असं म्हणण्याची वाट कारखाना पाहत नाही. नियम सर्वांना सारखा, सांभाळणारा ठरलेला, जबाबदारी व्यवस्थापनाची. त्यामुळे तो पाळला जातो आणि कुणाचं कुणाशी वैर होत नाही.

आपल्या कायद्याने हे उशिरा ओळखलं, पण ओळखलं. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं यांत धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला. आधार घेतला तो घटनेच्या २१व्या कलमाचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा. २००३ साली तंबाखू नियंत्रण कायदा आला. त्याने मोकळी जागा मात्र वगळली होती. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले आणि रेल्वे स्थानक, बसथांबा अशी लोकांच्या राबत्याची उघडी ठिकाणंही बंदीत आली. उमरोळीसारख्या, डोक्यावर बरंचसं आभाळच असलेल्या फलाटावर बिडी ओढणं तेव्हापासून गुन्हा आहे. दंड दोनशे रुपयांपर्यंत. हरकतीची अट गेली. मांडीवरच्या मुलाच्या वतीने कायदाच आधी बोलून ठेवतो, हा या बदलाचा गाभा. मला ही बंदी मोलाची वाटते ती याचसाठी.

हे न्यायाचं झालं. शरीरशास्त्राचंही कारण आहे. जपानचे संशोधक ताकेशी हिरायामा यांनी ९१,५४० बायकांची चौदा वर्षं नोंद ठेवली. या बायका स्वतः कधी ओढत नव्हत्या. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेटी ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण जास्त निघालं. १९८१ साली हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला तेव्हा सिगारेट कंपन्यांनी त्यावर झोड उठवली. पुढच्या अभ्यासांनी त्याला बळकटीच दिली. मला यातलं सर्वांत जड जातं ते हे, की त्या बायकांना धुराचा त्रास कदाचित जाणवतही नसेल. वासाची सवय होते. वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराला आज हरकत कशी घ्यायची? दोघांनी आपसात मिटवावं असं म्हणताना आपण गृहीत धरतो, की सोसणाऱ्याला आपलं नुकसान कळलेलं आहे.

मग एवढा चांगला नियम असूनही डब्यातलं चित्र तसंच का? कारण कागदावरून गेलेली हरकत व्यवहारात परत आली आहे. २००८च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नावही लावायला हवं. त्या जागेच्या प्रमुखाने तक्रार आल्यावर काही केलं नाही, तर दंड त्यालाही आहे. हीच या नियमांची खरी ताकद होती. पण आपल्याकडच्या कचेऱ्या, थांबे, रुग्णालयांचे व्हरांडे डोळ्यांसमोर आणा. फलक दिसतो, त्यावर नाव क्वचितच असतं; असलंच तर बदली होऊन गेलेल्या साहेबाचं. पुन्हा त्या मुलीनेच पुढे व्हायचं, हेल्पलाइनला फोन लावायचा, डबा सांगायचा, आणि तोवर तिचं स्टेशन येतं. बोईसर ते उमरोळी अंतर एका स्टेशनाचं.

आता बोईसर-तारापूरच्या चर्चेत हमखास येणारा प्रश्न. चहाच्या टपरीवर विषय काढा, कुणीतरी चिमण्यांकडे बोट दाखवतोच. ‘तिकडे रात्रभर गॅस सोडतात, त्यांना कोण विचारतं? माझ्या बिडीनेच हवा बिघडली का?’ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुण घेऊन देशातल्या सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत पहिलं होतं. सालवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे या गावांतल्या माणसाला आकडाही नको. रात्री डोळे चुरचुरले की त्याला कळतं. त्याचा राग मला मान्य आहे. त्यातून तो काढतो तो निष्कर्ष मान्य नाही.

कारण त्या चिमण्यांच्या बाबतीतही अन्याय तोच आहे. वास आला की गावकऱ्याने फोन करायचा, अधिकारी येईपर्यंत वारा फिरलेला असतो, आणि पुरावा तक्रारदाराने द्यायचा. खाडीतली मासळी गेली तेव्हा राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं ते अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला, म्हणजे ज्यांची जाळी रिकामी झाली त्यांनाच. २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई बसवली. तोवर त्या कोळीवाड्यांनी किती वर्षं हरकती घेतल्या असतील! धूर सोडणाऱ्याने मोकळं राहायचं आणि सोसणाऱ्याने दारोदार फिरायचं, ही रीत चिमणीला लागू नको असेल तर बिडीलाही नको. डब्यात आपण ती चालू ठेवली, तर कारखान्यासमोर उभं राहून काय मागायचं?

गरिबाच्या बाजूचा एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. तीस किंवा जास्त खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा जास्त आसनांचं उपाहारगृह आणि विमानतळ यांना २००३च्या कायद्याने धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची सवलत दिली. म्हणजे विमानाने जाणाऱ्याच्या तलफेला खोली, आणि शटलने जाणाऱ्याच्या तलफेला पावती. दोनशे रुपये एकाला चहापाण्याचे, दुसऱ्याला अर्ध्या दिवसाची मजुरी. शिवाय त्या खोलीत ट्रे उचलणारा, फरशी पुसणारा पोरगा पुन्हा बिनआवाजाचाच. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये देशभर बंदी घातली ती कामाच्या जागेचा विचार करून. ग्लास भरणाऱ्या नोकराचं फुप्फुस तिथे मोजलं गेलं. आपल्याकडच्या त्या खोल्या बंद व्हायला हव्यात. तोवर फलाटावरच्या कामगाराला पावती फाडताना आपला हात थोडा अडखळला, तर ते योग्यच आहे.

महाराष्ट्रात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त, हेही विसरू नये. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर २४.४ टक्के मशेरी, खैनी, गुटखा अशी बिनधुराची तंबाखू घेणारे. तंबाखूचं आपलं मोठं दुखणं या बंदीने बरं होणार नाही. ते बंदीचं कामही नाही. ओढणाऱ्याला सुधारायचा दावा ती करत नाही. शेजारी बसलेल्याला वाचवते एवढंच. व्यसन सोडायला मदत, गेटजवळच समुपदेशन, कंत्राटदाराच्या माणसालाही कायम कामगारासारखी तपासणी, हे वेगळं आणि जास्त कष्टाचं काम आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांनी ते अंगावर घ्यायला हरकत नसावी. काडेपेटी काढून घेता येते, तर त्याच रांगेत दोन शब्द आस्थेने विचारताही येतील.

राहतं ते घर. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं दिसलं. घरात कायदा शिरत नाही, शिरूही नये. हिरायामांनी मोजलेल्या बायका घरातल्याच होत्या. उमरोळीला नव्या इमारती उभ्या राहत आहेत; त्यांतल्या दोन खोल्यांच्या घरात नवरा पलंगावर बसून सिगारेट पेटवतो, तेव्हा त्या बाईचं रक्षण करणारं कलम कुठलंच नाही. तिथे अजून १९८९चाच नियम चालू आहे. ती बोलली तर. पण गाडीत, फलाटावर, कारखान्यात, दवाखान्यात दिवसभर कुणाच्याही तोंडावर धूर सोडायचा नाही हे ज्याच्या अंगवळणी पडलं आहे, तो घरी आल्यावर निदान गॅलरीत तरी जातो. पाड्यांवरची, गावातली कितीतरी म्हातारी माणसं आता नातवंडं घरात असली की बिडी घेऊन अंगणात बसतात. त्यांना कुणी दंड केला नव्हता, सुनेने आवाजही चढवला नव्हता.