पाठ कोणाची?

नरोलीसारख्या गावी पाठदुखीने जेरीस आलेल्या गृहस्थाने अंगणातील गवत कापण्यासाठी बसून चालवावयाचे यंत्र घ्यावे काय? व्यवहार सांगतो, आसनाखाली चांगली स्प्रिंग व पाठीला टेकू पाहून घ्यावा. कारण यंत्राची थरथर बसल्या जागीही मणक्यास छळते. हे शहाणपण खरे, पण अपुरे.

येथून फार दूर नसलेल्या तलासरी-उंबरगाव भागात १९४५ साली वारली मजुरांनी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. ती मागणी वाकलेल्या पाठींचीच होती. कॅलिफोर्नियात आखूड दांड्याची कुदळ मजुरांच्या पाठी मोडीत असे. लांब दांड्याने पीक बिघडते, असा मालकांचा युक्तिवाद होता. १९७५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि ती कुदळ गेली.

म्हणून यंत्र नाकारावे काय? नाही. आपण दुःख सोसल्याने दुसऱ्याचे कमी होत नाही. मात्र स्वतःच्या वेदनेने जे शिकविले, ते विळा घेऊन आपल्या बांधावर वाकणाऱ्याच्या मजुरीत व विसाव्यात उतरले पाहिजे. तसे न झाल्यास आपली वेदना आपल्याला काहीच न शिकविता गेली, असे म्हणावे लागेल.