भंडारा उधळला म्हणजे स्वप्न होत नाही

लघुपट महोत्सवांमध्ये हल्ली एक मत फार विश्वासाने मांडलं जातं. अतिवास्तव म्हणे पॅरिसहून आणायची गरज नाही, ते आपल्या मातीतच आहे. जेजुरीला जाऊन कॅमेरा लावला की सर्रिअल शॉर्टफिल्म तयार. यंदा माझ्या एका परीक्षक मित्राने हेच मत एका पुरवणीत सविस्तर लिहिलं, आणि त्याला उत्तर देणं मला भाग आहे. कारण या मताच्या आधाराने बनलेल्या फिल्म्स मी पाहतो आहे. संथ गतीत उधळलेला भंडारा, मळवट भरलेल्या बाईचे रोखलेले डोळे, नदीत सोडलेले दिवे, वरून ड्रोन, खाली तंबोरा. सोबतच्या दिग्दर्शकीय टिपणात 'आध्यात्मिक प्रेरणा' हे दोन शब्द असतातच. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण त्यांना चुकीचं शिकवलं गेलं आहे, आणि ते शिकवणारे आपण आहोत.

आपल्याकडे प्रायोगिक फिल्मच्या वाटेवर कोणी चाललंच नव्हतं, असंही नाही. प्रमोद पतींनी १९६८ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी, म्हणजे सरकारी पैशावर, 'एक्सप्लोरर' केली. आजही ती पाहताना डोळ्यांना धाप लागते. अकबर पदमसींनी मुंबईतच 'सिझिजी' केली: निव्वळ रेषांची, आवाज नसलेली. तय्यब मेहतांची 'कूडल' १९७० ची. या तिघांपैकी कोणीही विचित्र दिसणाऱ्या गोष्टी गोळा करून आणल्या नव्हत्या. त्यांचा सगळा जीव होता एका चित्रानंतर दुसरं कोणतं येतं, यात.

हा मुद्दा मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो माया डेरेन या अमेरिकी चित्रपटकर्तीमध्ये. तिची 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' १९४३ ची. ती आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिद, लॉस एंजेलिसमधलं राहतं घर, १६ मिलिमीटरचा कॅमेरा, अगदी किरकोळ खर्च आणि १४ मिनिटांची लांबी. फिल्ममध्ये परकं म्हणावं असं जवळजवळ काही नाही. किल्ली, पाव, सुरी, टेलिफोन, खुर्ची, जिना. चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळी आकृती सोडली, तर सगळं सामान कुठल्याही घरातलं आहे.

त्यातल्या चार पावलांबद्दल मला लिहायचं आहे. एकाच बाईची तीन रूपं टेबलाशी बसली आहेत. त्यांतली तिसरी, हातात सुरी घेऊन, उठते. तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत झोपलेल्या स्वतःपर्यंत जायचं आहे. पहिलं पाऊल पडतं समुद्रकाठच्या वाळूत. दुसरं गवतावर. तिसरं फरसबंदीवर. चौथं घरातल्या गालिच्यावर, आणि सुरी झोपलेलीच्या समोर. प्रत्येक पावलाला एक कट, बाकी काही युक्ती नाही. पण पाऊल उचलण्याची आणि टेकण्याची लय कुठेही तुटत नाही. म्हणून आपण विश्वास ठेवतो की ही एकच चाल आहे आणि या बाईने खोलीतलं अंतर कापताना सगळी पृथ्वी ओलांडली. स्वतःला मारायला निघालेल्या माणसाला किती लांबून यावं लागतं, हे डेरेनला सांगायचं होतं, आणि ते तिने पायांकडून सांगून घेतलं. यातलं एकेक दृश्य वेगळं काढून पाहा: वाळूत पाय, गवतावर पाय. काहीही अद्भुत नाही. अद्भुत आहे ते दोन दृश्यांच्या सांध्यात.

म्हणूनच अतिवास्तववादी म्हटलेलं तिला आवडत नसे. बुन्युएल आणि दाली यांनी १९२९ मध्ये 'अं शिएँ आंदालू' ही अतिवास्तव फिल्म लिहिताना नियम केला होता की ज्याचा तर्काने अर्थ लागेल असं एकही चित्र ठेवायचं नाही. तो नियम त्यांच्या हातात जळजळीत ठरला, हे मान्य. पण तो नकाराचा नियम आहे. काय नको ते सांगतो, पुढे काय यावं ते सांगत नाही. नेणिवेतून जे वर येईल ते आहे तसं मांडणं डेरेनला कलेची जबाबदारी टाळल्यासारखं वाटे. १९४६ च्या तिच्या 'ॲन ॲनाग्रॅम ऑफ आयडियाज' या पुस्तिकेत हा वाद आहे, आणि त्यात तिने समोर धरलेला आदर्श मला महत्त्वाचा वाटतो: कर्मकांड. विधी करणारा माणूस आपल्या मनातली खळबळ ओकत नाही. तो स्वतःला एका मोठ्या रचनेचा भाग करून घेतो, आणि त्यामुळे लहान न होता मोठा होतो. आज संगणकाला दोन ओळी सांगितल्या की वितळणारे वाडे आणि उडणारे मासे क्षणात मिळतात. विचित्र चित्र इतकं स्वस्त झाल्यावर तरी आपण तिच्या म्हणण्याकडे वळायला हवं.

इथपर्यंत माझं उत्तर सोपं होतं. रचना शिका, अध्यात्म टिपणातून काढून टाका. पण डेरेनचं पुढचं आयुष्य मला एवढ्यावर थांबू देत नाही.

गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून ती १९४७ मध्ये हैतीला गेली. तिथली विधिनृत्यं, बालीतले विधी आणि मुलांचे खेळ यांची एकमेकांत गुंफण करणारी फिल्म तिला करायची होती. आराखडा तयार होता. हैतीत वोदूच्या विधींमध्ये ती शिरली. सिनेमांमुळे आपण वोदूला जादूटोणा समजतो. तो एक पुरता धर्म आहे. प्रत्येक देवतेचं चिन्ह पुजारी चिमटीतून पीठ सोडत जमिनीवर रेखतो, आणि नाचणाऱ्यांच्या पायांखाली ते रात्रीतून पुसून जातं. लेग्बाला आधी आवाहन केल्याशिवाय दुसरी देवता येत नाही, कारण दार त्याच्या ताब्यात. एर्झुली अंगात आली की तिच्यासाठी पाणी, साबण, कंगवा, अत्तर, चांगले कपडे हजर लागतात. क्रम ठरलेला, जिन्नस ठरलेले. ज्या काटेकोरपणाने डेरेनने चार पावलं जोडली होती, तोच काटेकोरपणा तिला एका अंगणात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, भेटला.

मग एक दिवस तिच्याच अंगात आलं. १९५३ च्या 'डिव्हाइन हॉर्समेन' या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तिने त्याचं वर्णन केलं आहे: नाचता नाचता पाय जमिनीला खिळतो, आणि तिथून काहीतरी वर चढत जातं. जिने आपलं पाऊल हवं तिथे टाकलं होतं, वाळूवर म्हटलं की वाळूवर, गालिच्यावर म्हटलं की गालिच्यावर, तिला आता आपला पाय उचलता येत नव्हता. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला ती सांगते की आपण कलावंत म्हणून आलो, वास्तवाचे तुकडे आपल्या मर्जीने जुळवायला. पण या वास्तवाला स्वतःची अखंडता होती आणि ती मान्य करून आपल्याला आपली जुळवाजुळव सोडावी लागली. हजारो फूट फिल्म तिने चित्रित केली होती. १९६१ मध्ये ४४ व्या वर्षी ती गेली, तोवर त्यातून फिल्म झाली नव्हती.

अध्यात्माची प्रेरणा घेतली असं म्हणणाऱ्याने हे पचवायला हवं. अध्यात्म खरोखर भेटलं, तर ते फिल्मला खतपाणी घालेलच असं नाही. ते फिल्म थांबवूही शकतं. म्हणून माझ्या मित्राच्या मताशी माझं भांडण आता वेगळ्या जागी आहे. विधींकडे जाऊ नका, असं मी म्हणत नाही. तिथे जी रचना उभी आहे ती न पाहता तिच्यावरची हळद तेवढी उचलू नका, असं म्हणतो.

गोंधळाचा विधीच घ्या. पाटावर नवं वस्त्र, धान्य, कलश, बाजूला दिवटी, संबळ आणि तुणतुणं. रंगांच्या बाबतीत जेजुरीच्या पायऱ्यांपुढे हे काहीच नाही, म्हणून कॅमेरेवाले इकडे कमी फिरकतात. पण गोंधळी आवाहनाला सुरुवात करतो तेव्हा काय होतं ते ऐकावं. तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा: एकेक गाव, एकेक देव, प्रत्येकाला गोंधळाला येण्याचं बोलावणं, आणि दर बोलावण्याला संबळाचा तोच ठेका. शेकडो मैलांवरची ठाणी एका घराच्या अंगणात शेजारी शेजारी येऊन बसतात. डेरेनच्या चार पावलांनी केलं तेच हे काम आहे. ठेका सलग राहतो म्हणून अंतरं गळून पडतात. गोंधळ्याने एक ठाणं गाळलं, तर घरातली म्हातारी त्याला टोकते. संकलनाची एवढी जागरूक परीक्षक मला कुठल्या महोत्सवात भेटलेली नाही.

डेरेनने तसंच सोडून दिलेल्या त्या चित्रीकरणाची तिचा नंतरचा नवरा तेइजी इतो आणि त्याची पुढची पत्नी शेरेल इतो यांनी तिच्या मृत्यूनंतर जुळणी केली. ती फिल्म आज पाहता येते, आणि निवेदन आपल्याला प्रत्येक देवतेचं नाव समजावून सांगत राहतं. मला ती अपुरी वाटते, कारण न जोडण्याचा डेरेनचा निर्णय ती पुसून टाकते. तरी आपल्या चित्रपट-कार्यशाळांमध्ये 'मेशेस'च्या जोडीने ती दाखवावी, आवाज बंद करून. नंतर मुलांना एका गोंधळाला रात्रभर बसवावं, कॅमेऱ्याविना, आणि सकाळी प्रत्येकाकडून ठाण्यांचा क्रम लिहून घ्यावा. ज्याला तो क्रम सांगता येईल, त्याने जेजुरीला कॅमेरा न्यायला माझी हरकत नाही.