मनीचे म्हातारपण

॥ राम कृष्ण हरि ॥

सज्जनहो, आज निरूपणाला ओवी घेतली नाही, अभंगही घेतला नाही. आजचा विषय एक म्हातारी मांजर आहे. हसू नका. आपल्या संतांनी जनावराच्या निमित्तानेच आपल्याला पुष्कळदा शहाणे केले आहे.

परंडा तालुक्यातील सोनारी आपणांपैकी कित्येकांनी पाहिली असेल. काळभैरवनाथाचे ते ठाणे. चैत्रात यात्रा भरते. देवळाच्या भोवती माकडेच माकडे. माकडीण या छपरावरून त्या छपरावर उडी घेते, तेव्हा तिच्या पोटाला बिलगलेले पिलू पाहा. आईने पिलाला धरलेले नसते, पिलानेच आईला घट्ट धरलेले असते. याला शास्त्रकार मर्कटन्याय म्हणतात. मांजरीचे याच्या उलट. तिचे पिलू काही धरीत नाही, नुसते ओरडते. आईच येते, मानगुटीला धरते आणि निवाऱ्याला नेते. हा मार्जारन्याय. श्रीरामानुजांच्या परंपरेत यावरूनच वडकलै आणि तेन्कलै असे दोन पक्ष झाले. जीवाने देवाला धरावे की देवाने जीवाला उचलावे, असा तो वाद.

मर्कटन्याय सोनारीच्या देवळापाशी दिसतो. मार्जारन्याय आपल्या घरी, कणगीच्या मागे दिसतो. पण मला विचारायचे आहे ते पुढचे. पिलांना उचलून नेणारी ती मांजरीच म्हातारी झाली, तिचेच पाय चालेनासे झाले, म्हणजे तिला कोणी उचलावे?

एक दृष्टान्त घेऊ. सोनारीच्या शिवारातले एक माळकरी घर डोळ्यांपुढे आणा. यात्रा दोन दिवसांवर आली आहे. लेकी-जावई यायचे आहेत. त्या घरात चौदा वर्षांची मनी आहे. जन्मभर कणगीतले उंदीर धरून तिने घराचे धान्य राखले. गेल्या आठवड्यापर्यंत ती ओट्यावर उन्हाला बसत होती. आता दोन दिवस झाले, पाण्याच्या भांड्याशी मान खाली घालून बसली आहे. केस विस्कटलेले, पाठीचा कणा हाताला लागतो.

सून म्हणाली, "आत्याबाई, मनी कालपासून दुधाला तोंड लावीना."

सासू म्हणाली, "अगं, वय झालं तिचं. आता असंच व्हायचं."

मुलगा म्हणाला, "तापाची अर्धी गोळी दुधातून द्या की."

शेजारी म्हणाला, "पाहुणे यायचेत, घरात घाण करील. पोत्यात घाला अन् लांबच्या मळ्यात सोडा."

शेवटी म्हातारा म्हणाला, "यात्रा होऊ द्या, मग बघू."

चार वाक्ये झाली. कोणी दुष्ट नाही. पण चारही वाक्यांत मनी नाही, ज्याची त्याची सोय आहे. एकेक घेऊ.

पहिले, "वय झालं." वय हा रोग नव्हे. मांजर साधारण बारा ते पंधरा वर्षे जगते, काही वीसपर्यंतही जातात. म्हातारपण हळूहळू येते, दोन दिवसांत येत नाही. दोन दिवसांत जे येते ते दुखणे. फार पाणी पिणे, फार लघवी होणे आणि वाळत जाणे हे बहुधा मूत्रपिंडाचे लक्षण. भरपूर खाऊनही झिजणे हे गळ्याजवळच्या ग्रंथीचे असू शकते. एकाएकी डोळे गेले तर रक्तदाब वाढलेला असतो. यांतल्या पुष्कळ दुखण्यांना औषध आहे. आणि मांजर दुखणे लपविते. ते कण्हत नाही, कोपरा धरते. म्हणून एक दिवस खाल्ले नाही की वैद्य गाठावा. दोन-तीन दिवस उपास पडला तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि तेच जीवघेणे होते. आपल्याला एकादशी मानवते, मांजराला नाही.

दुसरे, "गोळी द्या." बाबांनो, हे ऐकून ठेवा. माणसाच्या तापाची गोळी, जिला पॅरासिटामॉल म्हणतात, ती मांजराला विष आहे. ते विष उतरविण्याची शक्ती त्याच्या यकृतात नाही. त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहता येईनासा होतो. एका गोळीनेही मांजर मरते. तो मुलगा मायेनेच बोलला, पण अज्ञानातली मायाही मारते. पशुवैद्याला विचारल्याशिवाय माणसाचे कोणतेही औषध देऊ नये. तोंडात बळेच दूध-पाणीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

तिसरे, "मळ्यात सोडा." याच धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचे गाव आहे. तिथल्या दप्तरी बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावे लागलेली आहे, ही गोष्ट २०२२ साली देशभर गाजली. ज्या मातीत माकडाच्या नावे सातबारा निघतो, त्या मातीत आपल्या अंगणातल्या मांजरीला हातभर जागा नसावी? पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. मांजर मारली तर सोन्याची मांजर काशीला द्यावी लागते, असे आजी-आजोबा सांगत आले. पोत्यात घालून सोडणारा म्हणतो, मी कुठे मारली? अरे, तू मारली नाहीस, मारायचे काम भुकेला नेमून दिलेस.

चौथे, "यात्रेनंतर बघू." हे सर्वांत अवघड, कारण यात देवाचे नाव आहे. इथे नाथमहाराजांना विचारा. काशीची कावड रामेश्वराला निघाली होती. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले. महाराजांनी सगळी गंगा त्याच्या मुखी घातली. रामेश्वर चुकला असे त्यांना वाटले नाही, रामेश्वर भेटला असे वाटले. आणि मांजराचीच कथा हवी असेल तर १७६२ सालचा महिपतिबुवांचा भक्तविजय आठवा. राका कुंभाराच्या आव्यात कच्च्या मडक्यात मांजरीची पिले राहिली आणि आवा पेटला. त्या जोडप्याने मडक्यांचा हिशेब केला नाही, पिलांसाठी देवाचा धावा केला. आवा उघडला तेव्हा पिले जिवंत होती. आपण मात्र लक्षात ठेवावे की राकाला वैद्य जवळ नव्हता, आपल्याला आहे. हाताशी असलेला उपाय सोडून नुसता धावा करणे याला भक्ती म्हणत नाहीत.

आता एक गाठ माळकऱ्याच्या गळ्यातली. मनी आजवर जगली ती दूध-भाकरीवर नव्हे, उंदरांवर. मांजराच्या हृदयाला आणि डोळ्यांना टॉरिन नावाचे द्रव्य लागते. ते मांसातून, मासळीतून मिळते, भाकरीत नसते. ते कमी पडले की हृदय दुबळे होते, हे १९८७ साली संशोधकांनी दाखवून दिले. मनी म्हातारी झाली, शिकार सुटली आणि आपण कौतुकाने वाटीभर दूध पुढे ठेवले. त्या दुधाने पुष्कळ मांजरांना ढाळ लागतात. मग माळकऱ्याने काय करावे? मांजरासाठी तयार केलेले अन्न बाजारात मिळते, त्यात हे द्रव्य घातलेले असते. ते आणावे, वैद्याला विचारून द्यावे, वेगळ्या भांड्यात द्यावे. कोणी म्हणेल, व्रताला बाधा येईल. सज्जनहो, माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या गळ्यात नाही. आपले व्रत आपण पाळावे, त्याचा भार मुक्या जीवावर टाकू नये. देवाने तिला जशी घडविली, तशी तिची सेवा करावी.

आता दृष्टान्त पुरा करू. रात्री म्हातारीला झोप येईना. कणगीमागून बारीक आवाज आला. ती उठली. मनी उठू पाहत होती, मागचे पाय साथ देईनात. म्हातारीने तिला दोन्ही हातांनी उचलले आणि मग तीच चपापली. ही मांजर म्हणजे नुसती कातडी झाली होती. सकाळी तिने म्हाताऱ्याला सांगितले, "तुम्ही पुढं व्हा देवाला. मी दवाखान्यात जाऊन येते. भैरवनाथ काय मला ओळखत नाही होय?"

म्हाताऱ्याने धोतर सावरले, टोपलीत मऊ फडके घातले आणि टोपली आपणच उचलली.

तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. जाताना मांजराने शेवटचे कधी खाल्ले, लघवी कधी झाली, हे ध्यानात ठेवून सांगावे. तोंड उघडून धापा टाकीत असेल, मागचे पाय एकाएकी लुळे पडून ओरडत असेल, किंवा बोका कुंथतो आणि लघवी होत नसेल, तर तासाचाही उशीर करू नये. घरी उबदार कोपरा, जवळ पाणी, घाणीसाठी कमी काठाची मातीची पाटी आणि थोडे थोडे कोमट अन्न, एवढी तिची मागणी असते.

मनीचे मूत्रपिंड थकले होते. कातडीखाली सलाईन दिले, औषध दिले. ती त्या यात्रेत मेली नाही. पावसाळा पाहून गेली, म्हातारीच्या पदरावर गेली. सगळीच मांजरे वाचत नाहीत. वैद्याने हात टेकले तर वेदना कमी करण्याचे औषध मागावे, आणि त्यापुढचा जो निर्णय घ्याल तो तिच्या दुःखाकडे पाहून घ्यावा, आपल्या कंटाळ्याकडे पाहून नव्हे. अंगावर हात ठेवून बसावे. नाम घ्यावे.

मार्जारन्यायाचा अर्थ आपण इतके दिवस एवढाच लावला की देव आपल्याला उचलील. उचलील खराच. पण ज्याला कोणी उचलावे असे वाटते, त्याने दारातल्या थकलेल्या जीवाला आधी उचलून पाहावे. तेव्हा कळते की उचलणाराचे हात कसे असतात.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!