झ कुणाचा?

झाशीच्या सीपरी बाजारातल्या आत्याकडे वाद झाला तो एका झ वरून. नात म्हणाली, ‘‘हा माझा डबा,’’ पण झ लावला ‘माझी’तला. आत्याने पुन्हा पुन्हा टोकलं, तशी पोर हिंदीवर गेली.

‘‘कशाला टोकतेस गं?’’ मी म्हणालो.

‘‘मग सोडून देऊ? नारो शंकर १७४२ मध्ये झाशीचे मराठा सुभेदार झाले, तेव्हापासून मराठी आहे इथे.’’

‘‘पण तिचा झ चुकीचा कसा? प्राकृतातल्या ‘मज्झ’चा झ टाळूचाच होता. मराठीत तो दातांकडे सरकला. इ-ए पुढे असले तिथे टाळूशीच राहिला. म्हणून ‘माझा’ वेगळा, ‘माझी’ वेगळी. जुन्या स्लाव भाषेतही स्वरापायी असंच झालं. ‘रुका’ म्हणजे हात. विभक्तीत पुढे ए-सारखा स्वर आला की क चा त्स व्हायचा. चेक लोक आजही ‘रुत्से’ म्हणतात. रशियनांनी मात्र पुन्हा क आणला, ‘रुके’. त्याने रशियन बिघडली का?’’

आत्या क्षणभर थांबली. ‘‘रशियात एकमेकांचं ऐकून सगळेच तसं म्हणू लागले असतील. ही कुणाचं ऐकणार? शाळेत हिंदी, गल्लीत बुंदेली. गणेश मंदिराकडे गेलं तर मराठी कानावर पडते, पण ते रेल्वेच्या पल्याड, जुन्या शहरात. तिचा झ बदलला नाही रे, तिला मिळालाच नाही.’’

यावर मला उत्तर नव्हतं. ‘‘पुस्तकातून शिकेल,’’ एवढंच म्हणालो.

‘‘दोन्ही झंना अक्षर एकच. पुस्तक काय सांगणार?’’

खरं होतं. आणि अक्षर असूनही आवाज टिकतोच असं नाही. रशियनमध्ये शब्दांच्या शेवटचा एक ऱ्हस्व स्वर १३व्या शतकापर्यंत बोलण्यातून गेला होता. त्याचं अक्षर तिथे १९१८ पर्यंत लिहीत होते.

‘‘म्हणजे आवाज मिळणार तो तुझ्याच तोंडून,’’ मी म्हणालो. ‘‘पण तू टोकलंस की ती बोलायचंच थांबवते. मग ऐकणार कधी?’’

‘‘आणि नाही टोकलं, तर झ गेला.’’

‘‘गेला तर जाऊ दे. मराठी तरी राहील.’’

आत्याला हे पटलं नाही. मलाही ते सहज म्हणवलं नाही. तिचा दातांचा झ ऐकतच मी वाढलो. तरी माझा कौल बोलण्याच्याच बाजूने आहे. झाशी, ग्वाल्हेर, इंदूरकडच्या आजी-आजोबांना एवढंच सांगणं: उच्चार सुधारण्याआधी नातवंडांचं वाक्य पुरं होऊ द्या आणि उत्तर तुमच्या झ-ळ सकट मराठीत द्या.