मन खचलेल्या दिवसाची सेवा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, जयंतीच्या अंकात अनुभव, लीला, क्षेत्रवर्णन असे लेख आपण वाचतोच. मी मात्र एक साधा, घरगुती प्रश्न घेऊन बसलो आहे. ज्या दिवशी मन खचलेलं असतं, उठावंसं वाटत नाही, पोथी समोर असून अक्षर डोक्यात शिरत नाही, त्या दिवशी स्वतःची काळजी घेणं भक्तीत बसतं का? की ते देहाचे लाड झाले? आपल्या पिढीला लहानपणापासून दुसरंच उत्तर मिळालं. ‘देहाचे चोचले पुरवू नका’, हे वाक्य ऐकतच आपण म्हातारे झालो.

मी बी. कॉम. झालेला, बँकेत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. शास्त्र सांगण्याचा अधिकार मला नाही. घडलं ते सांगतो.

सात वर्षांपूर्वी भाद्रपदात माझी पत्नी गेली. त्यानंतरच्या मार्गशीर्षात मी श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो. नातेवाईक म्हणाले, मन रमेल. माझ्या मनात वेगळंच होतं. तिच्या आजारपणात एका रात्री मी वैतागून तिला टाकून बोललो होतो. ते शब्द आत सलत होते. म्हणून मी नियम जास्तीच कडक धरले. थंड पाण्याने आंघोळ, जमिनीवर चटई. सप्ताहात एक वेळचं हविष्यान्न चालतं, पण पहिल्या दिवशी मी तेही घेतलं नाही. घरात कोणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दहाव्यापासून एकविसाव्या अध्यायापर्यंत वाचतात. तेरावा सुरू केला आणि ओव्या नुसत्या डोळ्यांपुढून सरकू लागल्या. एकच ओवी चार वेळा वाचली. रडू नाही, राग नाही, काहीच नाही. वाटलं, आपली श्रद्धाच आटली. आणि त्यामागोमाग आणखी वाईट विचार आला, की आता आपलं इथे काय उरलं आहे?

माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती दारातून म्हणाली, “काल जेवला होतास का रे?” मी गप्प. “पोथीच्या नियमात एक वेळचं जेवण आहे ना? मग हा उपास कुणाच्या सांगण्यावरून? अध्याय पुरा कर आणि ऊठ.” मी उठलो तेव्हा मऊ भात, तूप आणि मेतकूट पानात होतं. जेवलो, तासभर पडलो आणि तिसऱ्या प्रहरी उरलेले अध्याय वाचले. वाचनात खंड पडला याची टोचणी होतीच. देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “महाराजांची क्षमा मागा आणि पुढे वाचा. थांबू नका.”

नंतर लक्षात आलं, मी नेमका कोणत्या अध्यायावर अडलो होतो! तेराव्यात पोटशूळाने गांजलेल्या ब्राह्मणाची कथा आहे. वेदना असह्य होऊन तो गोदावरीत जीव द्यायला निघालेला असतो. श्रीनृसिंह सरस्वती त्याला बोलावून घेतात आणि त्याला काय दुःख आहे ते आधी विचारतात. तो आपली व्यथा सांगतो. आत्मघात हे महापाप, असं महाराज बजावतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. सायंदेवाला सांगतात, याला जेवायला घाल. अन्नानेच याची पीडा वाढते, म्हणून सायंदेव घाबरतो. तरी गुरूंच्या शब्दावर विसंबून तो सर्वांना घरी नेतो, आणि तो ब्राह्मण गुरूंच्या पंक्तीला पोटभर जेवतो.

यात चमत्कार आहे, तो महाराजांचा. आपल्यासारख्यांनी त्यातला क्रम पाहावा. आधी विचारपूस, मग दुःख ऐकून घेणं, मग अन्न, आणि तेही एकट्याने नव्हे, चार माणसांत. ‘तुझी भक्ती कमी पडली’ असं महाराज त्याला म्हणाले नाहीत. मी मात्र स्वतःला नेमकं तेच म्हणत होतो. नियम पाळतो आहे असं समजून मी स्वतःला शिक्षा देत होतो. गुरूंनी घातलेला नियम माझ्यापेक्षा मऊ होता.

आपण सांगली-कोल्हापूरकडची माणसं नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यातही जातो. कृष्णा-पंचगंगेला पूर आला की पाणी पादुकांपर्यंत चढतं, दक्षिणद्वार होतं. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती उंचावरच्या जागी नेतात आणि पूजा तिथे चालू राहते. पाण्यात उभं राहून रोजच्यासारखंच सगळं करा, असा हट्ट कोणी धरत नाही. देवाचं महत्त्व कमी झालं असंही कोणाला वाटत नाही. पूर ओसरला की पुन्हा मूळ जागी. खचलेला दिवस हा असाच पूर समजावा. सेवा बंद करायची नाही, जरा उंचावर हलवायची. बावन्न प्रदक्षिणा होत नसतील तर एक. पूर्ण स्तोत्र होत नसेल तर दिवा लावून एक नमस्कार.

यावर कोणी म्हणेल, असं म्हणत म्हणत माणूस आळशी होईल. हा प्रश्न खरा आहे, मलाही पडला. मी एक खूण धरली आहे. आळसात टाळाटाळ गोड लागते. नेम चुकवून पांघरुणात पडून राहिलो तर मजा वाटते. खचलेल्या दिवशी ती विश्रांतीही गोड लागत नाही. आवडता चहासुद्धा बेचव लागतो. अशा वेळी स्वतःला चाबूक मारून उपयोग नसतो. दुसरी खूण म्हणजे, घेतलेली काळजी आपल्याला उद्याच्या कामाकडे परत नेते का? नेत असेल तर ती सेवा. कायमचं काम चुकवायला शिकवत असेल तर ते लाड.

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, हे भागवताच्या एकादश स्कंधात आपण वाचतो. त्यात चंद्र आहे. कला वाढतात आणि घटतात, चंद्र तोच राहतो. तसे बदल देहाचे, आत्म्याचे नव्हेत. अमावास्या आली म्हणून चंद्र नासला असं आपण म्हणतो का? आणि चोवीस सांगून झाल्यावर अवधूत स्वतःच्या देहालाही गुरू म्हणतो, कारण त्याच्यामुळे विवेक आणि वैराग्य येतं. देह आपला नाही, हेही तो तिथेच सांगतो. मला बँकवाल्याला हे चटकन कळलं. ठेव आपली नसते, म्हणून तर ती जास्त जपायची असते. परक्याचा पैसा निष्काळजीपणे हाताळला तर ते वैराग्य ठरत नाही.

बँकेतली आणखी एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी बेरीज जुळली नाही की आम्ही नवखे घाबरून पुन्हापुन्हा तेच आकडे घोटायचो. आमचे हेड कॅशियर म्हणायचे, “आधी चहा घ्या, मग दुसऱ्याला वाचायला द्या.” फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुधा दोन आकडे उलटसुलट लिहिलेले असायचे. 54 चे 45. पैसे कुठे गेलेले नसायचे, थकलेल्या डोळ्यांनी लिहिताना चूक केलेली असायची. खचलेल्या दिवशी आपण आयुष्याची जी बेरीज मांडतो ती अशीच असते. त्या दिवशी खातं बंद करू नये. कोणताही शेवटचा निकाल देऊ नये. ती वही दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावी.

माझं त्या दिवसांचं वेळापत्रक आता ठरलेलं आहे. कोमट पाण्याने आंघोळ आणि धुतलेले कपडे. गरम, मऊ काहीतरी पोटात, वेळेवर. रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. सकाळच्या उन्हात औदुंबरापर्यंत चालत जायचं, मन लागो न लागो. आणि एका माणसाला फोन करून सरळ सांगायचं, “आज बरं वाटत नाही.” हे शेवटचं सर्वांत अवघड, विशेषतः आम्हा पुरुषांना. पण त्या ब्राह्मणानेही आपलं दुःख तोंडाने सांगितलं, तेव्हाच पुढची वाट उघडली.

हे सगळं करूनही दोन आठवडे मन वर येत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जावं. रक्तदाबाच्या गोळीने श्रद्धा कमी होत नाही, तशी याही औषधाने होत नाही. आणि जीव नकोसा वाटू लागला तर दोन आठवडे थांबूच नये. त्याच क्षणी घरच्यांना हाक मारावी. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस असते.

अक्का आता नाही. दर सप्ताहात तेरावा अध्याय आला की तिचा दारातला आवाज ऐकू येतो. पत्नीला बोललो ते शब्द परत घेता आले नाहीत. त्याची क्षमा मी रोज मागतो, पण आता जेवून मागतो. यंदा पौर्णिमेला संध्याकाळी जन्मकाळ झाला की सुंठवडा घेताना आपल्या शेजारी कोणी गप्प गप्प उभा दिसला, तर त्याला एवढंच विचारावं, “जेवलात का?”

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥